चालू मशीन

"चालू मशीन तूच बंद पाडलं? अन् त्याच्यासाठी कंपनी तुले पगार देते?" गोविंदा बहिणीवर खेकसला.

प्रेरणा घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करे. लॅपटॉपवर हिरव्या टिकल्यांची रांग होती, त्यातली एक आत्ताच लाल झाली होती. तिनं मान वर न करताच सांगतलं, हजारो लोकं एकाच टायमाले तिकीट काढतात, ते काम शंभर मशिनीत वाटून देलं आहे. एखादं कधी ना कधी मरनारच. मंग सारे जागे असताना आपनच एक पाडून पाहाचं, बाकीच्यांनी भार उचलला तं ठीक.

"अन् नाही उचलला तं?"

"तं त्या मशीनचं कवतिक नाही करत आमी, गोविंद्या. एकाच्याच डोक्यावर सारं ठेवलं, ही आमची चूक."

गोविंदाले ते टोचलं. खामगावच्या कापसाच्या जिनिंगात त्याले आजच नव्या नोकरीवर हजर व्हाचं होतं. पन घरात एकच रडगानं, तुह्याबिगर विहिरीवरची मोटार कोन चालू करीन? मोटार हवा धरे, पानी ओढे नाही. पाइपात पानी भरून तोंडावर पंजा कसा दाबाचा, हे त्यालेच जमे. शाळा सोडल्यापासून घरात त्याची वट होती ती तेवढीच. बाप पाहाले जवळ आला की तो म्हने, व्हा बाजूले, तुमच्यानं नाही होत.

घरामागच्या विहिरीवर मोटार घरघरली अन् थांबली. बापानं, पंजाबरावांनी हाक मारली. रस्त्यावर खामगावच्या जीपनं हॉर्न देला. गोविंदानं बॅग उचलली.

माय दारातच उभी होती. "बाबा बोलावून राह्यले बे."

"बोटं फाकवू नका म्हना. पानी अंगावर आलं तरी पंजा काढू नका म्हना." एवढं बोलून तो तिच्या बाजूनं निसटला.

जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला तं मोटार पुन्हा घरघरली. ड्रायव्हर म्हनला, बस ना लेका. गोविंदा हलला नाही. त्याचा पंजा जीपच्या दाराले घट्ट दाबून बसला होता, बोटं न फाकवता.

माय मागून धावत आली. काही बोलनार, तेवढ्यात तोच म्हनला, "मले आता निघा लागते."