लाल अक्षरांतले नाव

पडद्यावर चारुलताबाईंचे नाव पुन्हा लाल झाले. प्रत्येक गाण्याच्या शेवटी सर्वांत मागे राहिलेल्याचे नाव असे उमटे आणि त्याचा हुरूप वाढावा म्हणून जिममधला अख्खा सायकलिंगचा वर्ग टाळ्या वाजवी. ही प्रथा प्रशिक्षक ईशाने मोठ्या आपुलकीने सुरू केली होती.

“कमॉन, काकू!” टाळ्यांचा कडकडाट झाला. चारुलताबाई पेडल थांबवून खाली उतरल्या.

“अहो काकू, या टाळ्या तुमच्यासाठीच आहेत!” ईशा म्हणाली.

“म्हणूनच चालले. उद्यापासून येणार नाही.”

टाळ्या विरल्या. त्या दाराशी पोहोचल्या, तेवढ्यात शेवटच्या रांगेतला स्थूल तरुण कासावीस होऊन म्हणाला, “काकू, प्लीज जाऊ नका. तुम्ही गेलात की लाल नाव माझं येईल.”

कोणीही हसले नाही. ईशाने त्याच्याकडे पाहिले. मग तिने पडदा बंद केला.

“मॅडम, मग माझा पहिला नंबर कसा दिसणार?” पुढच्या रांगेतून एकजण कुरकुरला.

“घरी जाऊन आईला सांग, तूच पहिला म्हणून,” चारुलताबाई परत सायकलवर चढत म्हणाल्या. “ईशा, गाणं लाव बाई.”