शेगडीचा बिघाड

सोनईच्या राहीबाईंची भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी शेगडी महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली. कारागीर परवेझनं ती उघडली, तर हवेची सगळी भोकं राखेनं बुजलेली.

"मावशी, राख किती दिवसांनी काढता?"

"भांडी घासायला लागंल तवा."

"म्हणजे रोजच की!"

"आदी रोजच काढत हुते. तवा एकदा तरी बंद पडली का? पन दिवाळीपासनं सुनंनं भांड्याचा साबण आणलाय. आता राख काढून करू काय?"

"काढायची आन् फेकून द्यायची."

"पिठावानी मऊ राख फेकून देऊ? मला काय माज आलाय व्हय?"

परवेझनं कपाळाला हात लावला. त्यानं सगळी भोकं मोकळी केली, शेगडी पेटवून दाखवली आणि मोरीत जाऊन हात धुतले. तो निघाला तेव्हा राहीबाईंनी दारातच अडवलं.

"आता पुन्यांदा बंद पडायची न्हाई ना?"

"न्हाई मावशी, बिघाड संगं घेऊनच चाललोय."

तो फटफटीवरून कोपऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो, तोच मोरीतून सुनेची हाक आली.

"आत्याबाई, भांड्याचा साबण कुठं गेला?"