भिजलेल्या खुर्च्या

वळ गावात नवी गोदामं उभी राहू लागली, तेव्हा दीपेशने रस्त्याला लागून गार्डन हॉटेल टाकलं. बाहेरच्या सागवानी खुर्च्यांना तो जिवापाड जपायचा. उन्हाळ्यात तेल पाजायचा, आभाळ भरलं की ताडपत्री घालायचा.

त्या दुपारी तो आत गल्ल्यावर असताना अचानक सरी कोसळल्या. बाहेर बसलेल्या आक्काला, त्याच्या आईला, गुडघ्यांमुळे उठवेना. त्याची बायको उन्नती धावली आणि आधी सासूला धरून आत घेऊन आली. तोवर खुर्च्या चिंब झाल्या.

दीपेशने गिऱ्हाइकांसमोर उन्नतीचे केस धरले आणि तिला टेबलावर आपटलं. तिचा ओठ फाटला.

"आक्का काय विरघळणार होती? लाकूड फुगलं माझं!"

आक्का भिंत धरत भटारखान्यात गेली आणि जळणाची कुऱ्हाड घेऊन आली. भर पावसात तिने एकेक खुर्ची फोडायला घेतली. ढलप्या उडत होत्या.

"आक्का, येड लागलंय का तुला?" दीपेश ओरडला, पण पुढे जायची त्याची छाती झाली नाही.

शेवटची खुर्ची फोडून ती धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिली.



"खुर्च्या झाल्या. आता माझ्या सुनेवर उचललास तो हात ठेव टेबलावर."