व्यंकटीचे वकील

लातूर नवा जिल्हा झाला आणि भर दुष्काळात, फौजेतली वकिली सोडून आलेले मेजर सोनकांबळे आमदारकीला उभे राहिले. निलंग्याजवळच्या एका वस्तीवर नागुबाईनं त्यांना बाजेवर बसवलं, हंड्याच्या तळाचं पाणी तांब्यात ओतून दिलं आणि जमलेल्या बायांना ठसक्यात सांगितलं, "माझ्या व्यंकटीवर फौजेत खटला झाला, तवा हेच सायब त्याच्यासाठी भांडले. समद्यांची मतं ह्यांनाच."

मेजरांनी तांब्या रिकामा करून खाली ठेवला. बाप मरायला टेकला म्हणून रजा न घेता गावी आलेला व्यंकटी त्यांना लख्ख आठवला. त्याची नोकरी गेली ती त्यांच्याच वकिलीमुळं. त्या खटल्यात ते फौजेकडून लढले होते.

बाया पांगल्यावर ते कसंबसं म्हणाले, "मावशी, तुमचा गैरसमज झालाय. मी तुमच्या पोराच्या विरोधात होतो."

"म्हाईत हाय की," नागुबाई रिकामा तांब्या उचलत म्हणाली. "दारात ट्रंक ठेवल्या ठेवल्या व्यंकटीनं सांगितलं व्हतं. पर एवढ्या मोठ्या कोर्टात आपल्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं, हे वस्तीला कोणत्या तोंडानं सांगू?"