आधी पुस्तकं

साहेबराव सरांनी हार पुढे केला आणि तनुजाने मान मागे घेतली.

"आधी पुस्तकं," ती म्हणाली.

तिची माय केवळाबाई हात पुसत पुढे धावली. लातूरच्या एवढ्या मोठ्या क्लासचे मालक सकाळी सकाळी जळकोटला आपल्या दारात उभे, हातात पेढ्याचा पुडा, मागे फोटोवाला; आणि ही कार्टी पुस्तकं मागते!

"अगं, गुरू हायत ते. पाया पड."

"पडते की, माय. पुस्तकं दिल्यावर."

पुस्तकं म्हणजे सालेहा वकार या लेखिकेच्या पाच कादंबऱ्या. वीज गेली की भिंतीत उघडणारी दारं, आठवडी बाजारात भाजी विकणारे जिन, असलं काहीबाही त्यांत होतं. तनुजाने त्या एकेक करून जमवल्या होत्या आणि उशाशी घेऊन झोपायची. संक्रांतीच्या सुमारास सरांनी त्या जप्त केल्या. केवळाबाईला लातूरला बोलावून घेतलं आणि भरल्या वर्गात पोरीला कान धरून उभं केलं.

"असली पुस्तकं वाचणारं पोर डॉक्टर होत नाही, मावशी. वाया जातं," सर म्हणाले होते. सगळा वर्ग हसला होता. केवळाबाई तेव्हा खाली मान घालून उभी राहिली आणि त्याची लाज तिला अजून वाटत होती.

तनुजा त्या दिवशी वर्गातून उठली ती परत गेलीच नाही. घरीच अभ्यास करते म्हणाली आणि नांदेडला जाऊन डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा देऊन आली. काल निकाल लागला, तर पोरीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आणि आज हे.

"जिल्ह्यात पहिली, मावशी!" सर सांगत होते. "जळकोटची तनुजा, एवढं कानावर आलं आणि मी गाडीच काढली. आमचीच विद्यार्थिनी!"

केवळाबाईला रडूच फुटलं.

"सर, तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर मी काय बोलू," तनुजा म्हणाली. "पण फोटो पुस्तकं आल्यावर."

सरांची अडचण साऱ्या लातूरला ठाऊक होती. ज्याचा फलक चौकात आधी लागतो, पहिली आलेली पोरगी त्याची ठरते. त्यात दुसऱ्या एका क्लासची गाडीही निघाल्याची खबर होती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. सरांनी ड्रायव्हरला पुस्तकं आणायला लातूरला पिटाळलं आणि स्वतः अंगणातल्या बाजेवर ठाण मांडून बसले. उठले असते तर जागा दुसऱ्यानं धरली असती.

केवळाबाई चहा करकरून दमली.

"पेपर कसा वाटला होता गं?" सरांनी वेळ काढायला विचारलं.

"मला तर काहीच जड गेलं न्हाई."

दुपारी पुस्तकं आली. तनुजाने एकेक उघडून पाहिलं, कुणीतरी मुडपलेला पानाचा कोपरा अंगठ्यानं सरळ केला. मग म्हणाली, "आता भरल्या वर्गात जे बोललात, त्याच्या उलट बोला. कॅमेऱ्यासमोर."

"तनुजा, मर्यादा असते!"

"मग राहू द्या. दुसरी गाडी येतच असंल."

पोरगी हातचं सगळं घालवून बसणार, या भीतीनं केवळाबाई मध्ये पडायला पुढे झाली. पण त्या वर्गातलं हसणं तिच्या कानात घुमलं. ती लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं पदर कमरेला खोचला.

"बोला सर," ती म्हणाली. "मीबी ऐकते."

सरांनी घाम पुसला. "सालेहा वकार यांची पुस्तकं प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावीत. ती जप्त केली, ही माझी चूक झाली."

तनुजाने ते तिथल्या तिथं क्लासच्या सगळ्या पोरांच्या मोबाईलवर धाडायला लावलं. मग हार झाला, पेढा झाला, फोटो झाला. फोटोत तिनं एक कादंबरी छातीशी धरली होती. सर घाईघाईनं गाडीत बसले आणि गाडी धुरळा उडवत गेली.

केवळाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. आज तिला कुणापुढं मान खाली घालायची नव्हती.

"एवढे मार्क पडले, अन् मायला सांगावं वाटलं न्हाई व्हय गं तुला?"

तनुजा उंबऱ्यावर बसून वाचायला लागली होती.

"ते मार्क पेठेतल्या दुसऱ्या तनुजाचे हायत, माय. मी उत्तरपत्रिका कोरीच दिली, एक गोलबी काळा केला न्हाई."