मशीन टेस्ट

एकतिसावा कार्डिओग्रामही नॉर्मल निघाला, आणि मायाला रडूच कोसळलं.

परळच्या त्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढणं हे तिचंच काम. जेवणाच्या सुट्टीत ती दार लोटून घ्यायची, स्वतःलाच क्लिपा लावायची आणि नावाच्या जागी 'मशीन टेस्ट' टाकायची. वय सव्वीस. पण महिन्यापूर्वी भोईवाड्यात शेजारचा राहुल क्रिकेट खेळता खेळता हार्ट अटॅकने गेला, तेव्हापासून हिची धडधड थांबेना. इको झाला, ट्रेडमिलवर पळून झालं. दोन्हींत काही नाही. तरी तिसऱ्या मजल्यावर ती लिफ्टनेच यायची. न जाणो, जिन्यातच काही झालं तर!

दार ढकलून डॉक्टर कालिंदी दिघे आत आल्या. सत्तरीच्या बाई, पण तीन जिने चढून आल्या आल्या खणखणीत आवाजात ओरडायच्या.

"महिन्यात एकतीस वेळा मशीन तपासलंस? एवढी काळजी माझ्या नवऱ्याने माझी नाही घेतली कधी!"

माया डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, मशीनला कळत नाहीये. मला अँजिओग्राफीची चिठ्ठी द्या."

डॉक्टरांनी मशीनमधला आजचा कागद आणि खणातला 'मशीन टेस्ट'चा गठ्ठा उचलला. पाठमोऱ्या उभ्या राहून सगळ्या कागदांवरची नावं, वयं, तारखा कात्रीने कापून टाकल्या. मग पत्ते पिसावेत तसा गठ्ठा पिसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"यातलं आजारी हृदय शोध. सापडलं तर आत्ता चिठ्ठी देते."

माया भराभर कागद उलटू लागली. नवव्या कागदावर तिचा हात थांबला.

"हा बघा! अटॅक येऊन गेलाय. मी सांगत होते ना, मॅडम!"

आपलंच खरं झालं होतं. ती मटकन स्टुलावर बसली.

"बरोब्बर ओळखलंस. म्हणजे मशीनलाही कळतं आणि तुलाही. आता बाकीचे बघ. नीट बघ."

तिने एकेक कागद उजेडात धरून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बाकी एकतीस... नॉर्मल."

"ते तुझे."

"मग हा कुणाचा?"

डॉक्टरांनी तो कागद शांतपणे घडी घालून परत आपल्या पर्समध्ये ठेवला.

"माझा. आणि मी जिन्याने येते."