वरची साखर

साखर घालावी की नाही, इथे ताईचा हात आजही अडला. शेवटी पाव चमचा भुरभुरवलीच.

हातातला छोटा बर्नर पेटवून तिने ज्योत फळावरून फिरवली. साखर वितळली, फुगली, तांबूस झाली. हॉटेलात गोड पदार्थ करण्यात तिची हयात गेली होती. करपायच्या आत हात कधी उचलायचा, हे तिला नुसत्या वासावरून कळे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून धाकटा भाऊ तिच्याकडेच राहत होता. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस, पण आता त्याचीच किल्ली संपली होती. जेवण नको, बोलणं नको. एकदा तिने जळक्या साखरेचं ग्रेपफ्रूट, ते मोठ्या संत्र्यासारखं कडवट फळ, कापून पुढे ठेवलं. वरचा पापुद्रा चमच्याने टचकन फोडून त्याने ते चाटूनपुसून खाल्लं. तेव्हापासून रोज सकाळी गोळ्यांबरोबर तेच. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली होती, पण ताईने त्याकडे चक्क कानाडोळा केला.

मग त्याला चक्कर येऊ लागली. पोटऱ्या अशा दुखत, की जिना चढवेना. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातांनी याला लहानाचा मोठा केला, त्याच हातांनी आपण याला मारतोय, हे तिच्या मनातून जाईना. तिने साखर चमच्यावरून पाव चमच्यावर आणली आणि भरपाई म्हणून अर्ध्याऐवजी सबंध फळ देऊ लागली. दुखणं मात्र वाढतच गेलं.

"ताई, हल्ली साखरेला हात आखडता घेतेस," आज बशी घेताना तो म्हणाला.

मग मात्र तिला राहवेना. बाहेर येऊन तिने डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं कबूल करून टाकलं. आता बोलणी खायची, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर चक्क हसले. साखर वजनासाठी बंद केली होती, चमचाभराने पोटऱ्या दुखत नाहीत, म्हणाले. दोन महिन्यांचं ओझं ताईच्या छातीवरून उतरलं. साखर कशावर घालत होतात, असं त्यांनी सहज विचारलं, तेव्हा तिने हौसेने सगळी कृती सांगितली.

ग्रेपफ्रूटचं नाव निघताच डॉक्टरांनी तिला मधेच थांबवलं.

"ताई, त्या गोळ्यांवर हे फळ अजिबात चालत नाही. औषध अंगात साचत जातं. आज दिलं नाहीत ना?"

आतल्या खोलीत धाकटा बशी तोंडाला लावून उरलासुरला रस पीत होता.